उभ्या उडीचं माप

स्कार्वहोल्मवर धावायला जागाच नव्हती. अख्खं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक काळा खडक. त्यावर दिवा, राहायचं घर, तेलाची कोठी, होडीची खोप आणि उरलेल्या जागेत पाणकावळे. घरापासून तेलाच्या कोठीपर्यंत बावीस पावलं, तीही चढउतार करत. त्यामुळे सिवर्ट ग्रिंडविकला उडीचं वेड लागलं ते उभ्या उडीचंच. धावत येऊन मारायची उडी त्यानं मनावर घेतली असती, तर तिसऱ्या दिवशी त्याला समुद्रातून बाहेर काढावं लागलं असतं.

उभी उडी म्हणजे तेव्हा पोरखेळ नव्हता. ऑलिंपिकमध्ये तिला पदक होतं. फळीच्या कडेला दोन्ही पाय लावून उभं राहायचं, हात हवे तितके झुलवायचे, टाचा आणि चवडे आळीपाळीनं हवे तितके उचलायचे. पण पाय जमिनीवरून सुटायचे ते एकदाच, आणि सुटले की थेट वाळूत. क्रीडासंघाचं मासिक टपालाच्या होडीतून यायचं. त्यातला हा पाच ओळींचा नियम सिवर्टला तोंडपाठ होता. चर्चमधल्या प्रार्थना विसरला होता, हा नियम नाही.

तो दीपगृहावर आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. हाताखालचा माणूस म्हणून त्याची नेमणूक झाली आणि वरचा माणूस होता क्लेवे. क्लेवे साठीला टेकलेला, आठ वर्षांपूर्वी बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन अमेरिकेला. बोलण्याच्या बाबतीत असा चिक्कू माणूस शोधून सापडला नसता. पहिली दोन वर्षं त्या दोघांचं बोलणं म्हणजे, “वात कापलीस?” “कापली.” “तेल?” “भरलं.” एवढंच. एकाच टेबलावर जेवायचे, उकडलेला मासा आणि बटाटे, आणि दोघंही बटाट्यांकडे बघायचे. सिवर्ट कधीकधी कोठीत जाऊन स्वतःशीच मोठ्यानं बोलून बघायचा, आवाज अजून आहे ना म्हणून.

मग तिसऱ्या वर्षी त्या मासिकात एका उडीवाल्याचं चित्र आलं. माणूस हवेत, गुडघे छातीशी, हात पुढे फेकलेले. सिवर्टनं ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि तेलाच्या कोठीमागच्या खाचेत तो काम करायला लागला. फुटलेल्या जहाजाची एक तुळई वाहून आली होती, ती रोवून त्यानं फळी केली. पुढचा खळगा शिंपल्यांच्या भुग्यानं आणि समुद्रगवतानं भरला, तीच त्याची वाळू. त्यात पंधरा दिवस गेले. क्लेवेनं सगळं पाहिलं आणि विचारलं नाही काही.

अडचण आली मापाची. फितीचं एक टोक फळीशी धरायचं आणि दुसरं टाचेच्या खुणेशी, आणि माणूस एकच. सिवर्टनं टोकावर दगड ठेवून पाहिला. स्कार्वहोल्मच्या वाऱ्यानं फीतही उडवली आणि दगडही सरकवला. शेवटी त्यानं घराच्या दिशेनं तोंड करून हाक मारली, “क्लेवे! अहो क्लेवे! जरा येता का?”

दोन वर्षांत त्यानं वरच्या माणसाला मारलेली ती पहिली हाक.

“घर पेटलंय का?” क्लेवे दारातूनच म्हणाला.

“फीत धरायची आहे.”

“फीत धरायला सरकारनं मला ठेवलंय वाटतं,” असं म्हणत म्हातारा आला, वाळूशी वाकला, टाचेची खूण शोधली, आणि एकदम गंभीर होऊन म्हणाला, “दोन मीटर नव्वद.”

त्या दिवसापासून ते रोजचंच होऊन बसलं. जेवणाआधी सिवर्टनं हाक मारायची, क्लेवेनं घर पेटल्याचं विचारायचं, आणि पाइप तोंडात धरून वाळूच्या कडेला येऊन उभं राहायचं. हाक मारल्याशिवाय मात्र तो कधी आला नाही, मानी माणूस. सिवर्ट उडायचा आणि मग भांडण जुंपायचं.

“तीन एकतीस.”

“साडेएकतीस! नीट बघा ना.”

“टाच तुझी, डोळे माझे. एकतीस.”

“मागची खूण बघताय तुम्ही. ती पाणकावळ्याची आहे.”

“मग तो तुझ्यापेक्षा बरा उडतो.”

भांडण संपलं की कॉफी व्हायची, आणि कॉफीवर क्लेवे बोलायचा. आधी उडीबद्दल, मग वाऱ्याबद्दल, मग हळूहळू बायकोबद्दल. ती मासे खारवताना गुणगुणायची आणि तिला सूर अजिबात नव्हता, हे सिवर्टला असं कळलं. तीन वर्षांत उड्या लांबत गेल्या. तीन दहा, तीन वीस, तीन तीस. एकोणीसशे बाराच्या वसंतात एक उडी तीन मीटर छत्तीस भरली आणि क्लेवेनं फीत तीनदा लावली. एका शब्दानंही भांडला नाही.

त्याच महिन्यात मासिकात सूचना आली. उन्हाळ्यात स्टॉकहोमला ऑलिंपिक, त्यासाठीची निवड जूनच्या पहिल्या आठवड्यात राजधानीत, क्रिस्तियानियाला. उभ्या उडीतून तिघं जाणार. गेल्या वर्षीचा देशाचा विजेता तीन मीटर चौदा उडाला होता, तेही खाली छापलं होतं. सिवर्टनं तो आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याला धाप लागली.

आकड्याचं सोडा. त्याला खरं काय हवं होतं ते त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. जी गोष्ट आपण करतो तीच करणाऱ्या माणसांच्या रांगेत एकदा उभं राहायचं होतं. आपली उडी पाहून चार माणसांनी वळून पाहावं, आणि कुणीतरी विचारावं, कुठला रे हा? पाच वर्षांत त्याला पाहणारे होते दोन डोळे, क्लेवेचे, आणि ते वाळूवर लागलेले असत.

“जाऊन काय करणार?” क्लेवे म्हणाला.

“उडणार.”

“इथं उडतोस ते काय वाईट आहे?”

“इथं कोण बघतं?”

मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिकडे अंधार पडतच नाही, दिवा विझलेलाच असतो, त्यामुळे सुटी मिळायला हरकत नव्हती. फक्त निरीक्षकांना जाणाऱ्या अर्जावर क्लेवेची सही लागत होती. पहिली टपालाची होडी आली तेव्हा म्हाताऱ्याला चष्मा सापडेना. दुसरी आली तेव्हा दौत वाळली होती. “आणि दीपगृहाला रंग कोण लावणार? तुझी तीन छत्तीसची उडी?” असं करवादला. सिवर्टला वाटलं, म्हातारा जळतोय. तिसऱ्या होडीच्या आदल्या दिवशी सिवर्ट अर्ज घेऊन टेबलाशी ठाण मांडून बसला, जेवला नाही, उठला नाही. क्लेवेनं सही केली.

निघताना होडी खडकाला लागली. लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीत आणि खडकावर जाणं-येणं ही त्या किनाऱ्यावरच्या माणसाची चालण्याइतकीच जुनी सवय. सिवर्टनं पाय उचलला, होडी वर आली तसा टेकवला आणि आत उडी घेतली.

“सिवर्ट,” वरून क्लेवे म्हणाला.

“काय?”

“काही नाही. लवकर ये.”

टपालाची होडी, मग किनाऱ्याची आगबोट, मग ट्रॉन्डहाइमहून रेल्वे. हामारला गाडी बदलायची होती. तिथं फलाटावर इतकी माणसं होती की सिवर्ट भिंतीला पाठ लावून उभा राहिला. डब्यात समोर बसलेल्या बाईंनी त्याला तपकिरी चीज आणि कडक भाकरी देऊ केली आणि विचारलं, “कुठवर?”

“क्रिस्तियानिया.”

“नातेवाइकांकडे?”

“नाही.”

“मग कामानं?”

त्याला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण ‘उडी मारायला’ हे शब्द डब्यातल्या सहा माणसांपुढे बाहेर येईनात, आणि तो म्हणाला, “हो, कामानं.” बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. स्कार्वहोल्मवर बोलायला कोणी नाही म्हणून तो गप्प असायचा. इथं सगळे होते आणि तो तितकाच गप्प होता. हे त्याला फार लागलं. शहरात मैदानाकडे जाताना वाटेत एक बर्चचं झाड होतं. खडकावर झुडूपसुद्धा नव्हतं. कोणी पाहत नाही असं बघून त्यानं त्या पांढऱ्या खोडावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला.

उभ्या उडीला अकरा जण होते. सगळ्यांच्या पांढऱ्या चड्ड्या, छातीवर क्लबाची चिन्हं. सिवर्टच्या अंगात घरी विणलेला करडा सदरा, आणि चिन्हाच्या जागी कसर लागल्याचं एक भोक. शेजारी रोल्व अँकरस्टाड नावाचा कसरतीचा मास्तर होता, क्रिस्तियानियाचाच, तोंडाचा पट्टा कधी बंद न होणारा.

“कुठला क्लब?” त्यानं विचारलं.

“क्लब नाही. स्कार्वहोल्म.”

“हे गाव आहे की आजार?”

“दीपगृह.”

“अरे वा! मग आज सगळे जहाजांसारखे तुला बघून वळणार!” रोल्व स्वतःच्या विनोदावर मनमुराद हसला, आणि सिवर्टही हसला. कितीतरी दिवसांनी त्याला कोणी चिडवलं होतं, क्लेवे सोडून.

पंच होते कॅप्टन वेदेल, निवृत्त लष्करी गृहस्थ, मिशीला मेण लावणारे. पण ते वाळूपाशी नव्हते. ते फळीपाशी एक गुडघा टेकून बसले होते, उडणाऱ्याच्या बोटांना नाक लागेल इतके जवळ. सिवर्टला ते कसंसंच झालं. या टोकाला आजवर कधी कोणी नव्हतं. फळीपाशी तो नेहमी एकटा असायचा.

त्याचं नाव पुकारलं. त्यानं पाय लावले, हात झुलवले, डोळे वाळूवर ठेवले आणि उडाला. हवेत असतानाच त्याला कळलं की ही चांगली आहे. टाचा वाळूत रुतल्या तिथं आधीच्या कुणाचीच खूण जवळपास नव्हती. कडेची माणसं ‘ओहो’ म्हणाली. दोघांनी खरंच वळून विचारलं, “कोण हो हा?” सिवर्टच्या अंगावर काटा आला.

“बाद!” कॅप्टन म्हणाले.

वाळू सपाट केली गेली. बोटं फळीच्या पुढे गेली असणार, सिवर्टला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही. कॅप्टन दुसऱ्याच्या पायांकडे बघत होते. प्रत्येकाला तीन उड्या. दुसऱ्या वेळी त्यानं पाय कडेपासून चांगले चार बोटं मागे ठेवले. तेवढं नुकसान सोसूनही आपण पुढे राहू हे त्याला माहीत होतं. उडाला, आणि ही पहिल्यापेक्षा लांब होती. लोकांनी टाळ्याच वाजवल्या.

“बाद!”

आता टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच काही हसले. सिवर्ट वाळूतून बाहेर आला आणि कपडे ठेवायच्या बाकाकडे जाऊन बसला. शहरवाले मुद्दाम करतायत, असं त्याच्या मनात येऊन गेलं. रोल्व त्याच्यामागोमाग आला.

“काय रे, दोनदा उडतोस कशाला? एकदाच उड की.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? तुझा पाय आधी सुटतो. उचलतोस, पुढे टेकवतोस आणि मग उडतोस. नियम माहीत नाही?”

“पाय एकदाच सुटायचे. पाठ आहे मला.” सिवर्टचा आवाज चढला. “माझे एकदाच सुटतात.”

रोल्वनं त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करायची वेळ नाही हे त्याला कळलं असावं. त्यानं खिशातून ट्रामचं एक जुनं तिकीट काढलं. “उभा राहा. इथं. दोन्ही पाय लाव.” खाली बसून त्यानं ते तिकीट सिवर्टच्या डाव्या बुटाखाली अर्धं सरकवलं आणि उरलेलं अर्धं चिमटीत धरून हलकेच ओढत राहिला. “आता उडायची तयारी कर. उडू नकोस. फक्त हात झुलव आणि अगदी उडायच्या क्षणाला थांब.”

सिवर्टनं हात झुलवले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि थांबला. त्यानं खाली पाहिलं. तिकीट रोल्वच्या हातात होतं, अख्खं, कुठे फाटलेलं नाही.

“पाय दाबून उभा असतास तर हे फाटलं असतं ना?” रोल्व म्हणाला.

“पुन्हा करा.”

पुन्हा केलं. पुन्हा तिकीट अख्खं बाहेर आलं. मग सिवर्टला उमगलं. होडीत उभं राहून खडकावर उडी घेताना पाय उचलून धरायचा, लाटेनं होडी वर येते तेव्हा तो काठावर टेकवायचा, आणि त्याच टेकवण्याच्या जोरावर सुटायचं. चार वर्षांचा होता तेव्हा बापानं शिकवलं होतं. नाही शिकलं तर माणूस होडी आणि खडकाच्या मध्ये चिरडतो. ती सवय अंगात इतकी मुरली होती की जमिनीवरही त्याचा पाय लाट शोधत होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

“कुणी सांगितलं नाही तुला?” रोल्वनं विचारलं.

“कोण सांगणार? दोघंच असतो आम्ही.”

“मग दुसरा काय आंधळा आहे?”

“तो वाळूकडे असतो,” सिवर्ट पटकन म्हणाला. “तो टाच बघतो. फार काटेकोर आहे तो.”

तिसऱ्या उडीला तो फळीवर उभा राहिला तेव्हा त्याला दोन्ही पाय कुणा परक्याचे वाटायला लागले. त्यानं ते खिळे ठोकल्यासारखे दाबून धरले. हात झुलले, गुडघे वाकले, आणि नेहमीच्या क्षणाला डावा पाय उठायला लागला तसा त्यानं तो मागे खेचला. तोल गेला, आणि जशी जमली तशी उडी पडली.

“वैध,” कॅप्टन म्हणाले. “ग्रिंडविक, दोन मीटर अठ्ठ्याऐंशी.”

अकरा जणांत नववा. रोल्व तीन मीटर बारावर तिसरा आला, म्हणजे स्टॉकहोमला चालला. तरी बिचारा आपला आनंद सोडून सिवर्टला गाठायला धावत आला.

“हे बघ, एक वर्ष दे त्या पायाला. फार तर दोन. फक्त कुणालातरी फळीपाशी बसव आणि पाय उठला की ओरडायला सांग. चार वर्षांनी पुढची ऑलिंपिक आहे. तेव्हा तू आम्हा सगळ्यांना खाशील, समजलास?”

चार वर्षांनी काय होणार होतं ते कुणाला ठाऊक होतं? स्टॉकहोमनंतर उभी उडी ऑलिंपिकमधून काढूनच टाकली, आणि चार वर्षांनंतरची ऑलिंपिक युद्धानं गिळली. पण त्या दिवशी सिवर्टला हे माहीत नव्हतं. त्याला रोल्वचं एकच वाक्य लागलं होतं: कुणालातरी फळीपाशी बसव.

आगबोटीच्या डेकवर तो दोन दिवस तेच घोळवत होता. आधी रडला, अगदी उघड. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलंय असं कुणालाही वाटलं असतं. मग हळूहळू मनाला उभारी आली. क्लेवेला म्हणायचं, आजपासून तुमची जागा बदलली, इकडे या, गुडघ्याची तक्रार नको, खाली बसायला स्टूल देतो. तो काय म्हणेल तेही सिवर्टला ऐकू येत होतं. ‘सरकारनं मला तुझे बूट बघायला ठेवलंय वाटतं.’ त्याला डेकवर एकट्यालाच हसू आलं. रेल्वेच्या डब्यात सांगता आलं नव्हतं ते आता सांगण्यासारखं कुणीतरी होतं, आणि तो माणूस कुठे आहे हे त्याला माहीत होतं. पाच वर्षांत स्कार्वहोल्मला परत जाण्याची घाई त्याला पहिल्यांदाच झाली.

क्लेवेनं मासा उकडून ठेवला होता. टेबलावर दोन ताटं होती आणि स्वच्छ कापड घातलं होतं, नाताळला घालतात ते. म्हाताऱ्यानं बटाटे वाढले आणि बसला.

“किती?” त्यानं विचारलं.

“दोन अठ्ठ्याऐंशी. नववा.”

क्लेवेनं मान हलवली.

“पहिल्या दोन लांब होत्या,” सिवर्ट म्हणाला. “टाळ्या पडल्या, क्लेवे! पण बाद दिल्या. माझा पाय आधी सुटतो म्हणे.”

“डावा,” क्लेवे म्हणाला.

त्यानं ते विचारलं नव्हतं. नुसतं म्हणाला, बटाट्याचं साल काढता काढता, जसं ‘वारा पश्चिमेचा’ म्हणावं. आणि मग त्याचा हात थांबला.

सिवर्टनं काटा खाली ठेवला. बाहेर पाणकावळे ओरडत होते. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं असावं. मग म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तसं वाटणंही संपलं.

“कधीपासून माहीत होतं?”

क्लेवेनं हातातला बटाटा खाली ठेवला. त्याच्या मिशीत माशाचा एक तुकडा अडकला होता, आणि एरवी सिवर्टनं त्याला तो दाखवला असता.

“पहिल्याच आठवड्यात दिसलं,” तो शेवटी म्हणाला. “वाळूकडून समोरच दिसतं की. मासिकातला नियम मीही वाचला होता. मी सगळं वाचतो, जाहिराती पण.”

“आणि बोलला नाहीत.”

“वाटलं, सांगावं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. तू एवढी हाक मारलीस… मग म्हटलं, उद्या. मग तीन दहा झालं. तू खूश होतास. मग कसं सांगणार? तू जायचं काढलंस तेव्हा सही करत नव्हतो ना मी. तेव्हा तरी तुला कळायला हवं होतं.”

“कसं कळणार?”

“खरंय. कसं कळणार.” त्यानं ताट पुढे सारलं. “हे बघ सिवर्ट, ती आधीची दोन वर्षं आठव. मी म्हातारा माणूस, मला वाटलं आता असंच मरायचं. मग तू हाक मारायला लागलास. रोज. मी चार वाजल्यापासून बूट घालून बसायचो, माहीत आहे? तुला सांगितलं असतं तर उडी अडीच मीटरवर आली असती, तू वैतागून सोडून दिलं असतंस. मग मला हाक कोण मारणार होतं?”

तीन वर्षं. तीन वर्षं हा माणूस पाइप ओढत तो पाय बघत होता आणि मिठाची गुळणी धरून बसला होता. सिवर्टला वाटलं होतं आपल्याला कुणी पाहत नाही. एक जण पाहत होता, रोज, अगदी नीट, आणि नेमकं जे सांगायचं तेच त्यानं पोटात ठेवलं होतं. सिवर्टला ओरडावंसं वाटलं, पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होऊन छातीत बसलं होतं, आणि त्यातून आवाज निघाला तो अगदी हळू.

“सोडलं नसतं मी,” तो म्हणाला.

“आं?”

“वैतागलो असतो. चार दिवस तुमच्याशी बोललोही नसतो कदाचित. पण सोडलं नसतं. पाय खाली ठेवायला शिकलो असतो. तीन वर्षं होती, क्लेवे. थंडीतली, उन्हाळ्यातली, सगळी. आणि ते शिकतानाही मोजायला तुम्हीच लागला असतात. तुम्हाला नाही तर मी कुणाला हाक मारणार होतो?”

सिवर्ट उठला, आपलं ताट उचललं आणि होडीच्या खोपीत जाऊन एकटाच जेवला.